कातरण

किंगा, तू विचारलंस, "तुम्हाला कसं कळलं?"
आणि मी हाताचं पीठ पुसत राहिले
उत्तर त्याखाली कुठेतरी असल्यासारखी.

आवाज वगैरे काही आला नाही.
ब्लॅकबर्नच्या इस्पितळात रात्रपाळी होती,
सव्वातीनला हेस्केथ आजोबा वारले
आणि त्यांची कवळी माझ्या हातात राहिली.
कुणाला द्यावी? कुणीच नव्हतं.
एवढंच.
सकाळी घरची बस सोडून क्लिदरोची पकडली.
मठाची घंटा बिघडलेली, मी दार ठोकलं.
सिस्टर विनिफ्रेडनी फटीतून पाहिलं,
म्हणाल्या, "अंडी आणलीस का?"

माझं पाचारण असं अंड्यांपासून सुरू होतं.

आईला फोन केला तेव्हा निर्मळला
केळीला पाणी सोडलेलं असावं,
मोटरची घरघर ऐकू येत होती, आईची नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"तिथं थंडी फार असते ना गं?"
बाबांनी सहा महिने जपमाळेत माझं नाव घेतलं नाही,
निदान मोठ्याने तरी.

मग पीठ आणि पाणी. दुसरं काही नाही,
मीठसुद्धा नाही.
तापल्या साच्यात ओतायचं, दाबायचं, नव्वद सेकंद.
निघतो तो पापुद्रा लगेच कापायचा नसतो,
कोरडा असतो, तुकडे पडतात.
रात्रभर दमट कपाटात ठेवायचा
आणि मग सकाळी गोल गोल ओस्त्या कापायच्या.
तू मान डोलावलीस, वहीत लिहून घेतलंस.
अगं, हे अध्यात्म नाही, हे पीठ आहे.
(असेलही अध्यात्म. मी अजून कपाटात आहे.)

आठव्या वर्षी मी निघाले होते.
हे माहितीपत्रकात छापलेलं नाही.
स्तोत्रं तोंडात खडूसारखी झाली होती,
शेजारच्या बाकावरची सिस्टर ॲग्नेस
प्रत्येक ओळीआधी नाक ओढायची,
आणि मला वाटलं, देवासाठी घर सोडलं
आणि मिळालं काय, तर हे नाक.
बॅग घेऊन बसथांब्यावर बसले.
पेंडल टेकडी ढगात बुडालेली.
सात चाळीसची बस येईना,
आणि मला आठवेना
साच्याचं बटण बंद केलं होतं की नाही.
बघायला परत गेले.
बंदच होतं.
ॲग्नेस दारात उभी. बॅगेकडे पाहिलं,
नाक ओढलं, म्हणाली,
"चहा गार होतोय."

त्याला मी देवाची हाक म्हणत नाही.
म्हणायला आवडलं असतं.

आता आम्ही पाच जणी.
विनिफ्रेड बागेत, भिंतीपाशी, सफरचंदाखाली.
बऱ्याच धर्मग्रामांना आता कारखान्यातली ओस्ती स्वस्त पडते.
बॉयलर दुरुस्त करणारा माणूस विचारतो,
"तुमच्यानंतर इथं कोण?"
मी त्याला बिस्किटं देते.
ॲग्नेस गेली चार वर्षं माझं नाव विसरलीय,
रात्री तिला मीच कुशीवर वळवते.
ते नाक अजून तसंच आहे.
एखाद्या रात्री ऐकू आलं नाही
तर मी उठून बसते.

तू ॲक्रिंग्टनला दातांच्या दवाखान्यात
फोन घेतेस, भेटीच्या वेळा देतेस.
तुला वाटतं, तुझीही वेळ कुणीतरी नोंदवून ठेवली असेल.
मला खरंच ठाऊक नाही, किंगा.
मन हो म्हणतं की भीती, हे ओळखायला
मला एकोणीस वर्षं लागली,
आणि कालच पुन्हा चुकले.

ही पुडी घे. गोल कापून घेतल्यावर उरलेलं,
भोकं पडलेलं कातरण.
लहानपणी आमच्या गावच्या सिस्टर्स
शाळा सुटल्यावर ओंजळीत द्यायच्या,
आम्ही जिभेवर चिकटवून धावत सुटायचो.
हे पवित्र केलेलं नाही, बसमध्ये खाल्लंस तरी चालेल.
चव नसते.
तरी पुडी संपते.

शुक्रवारी आलीस तर जुने कपडे घालून ये.
नाही आलीस तरी
साच्याचं बटण मी साडेपाचला दाबेन,
तापायला चाळीस मिनिटं लागतात त्याला.